शिटीला न उठणारी पोर

गाव सोडलं त्या दिवशी आई वेशीपर्यंत आली होती. बैलगाडी जुंपलेली, ट्रंक वर चढवलेली, आणि आमचे हे पुढं बसून बैलांच्या शेपट्यांकडे बघत होते, कारण माझ्या आईच्या तोंडाकडे बघायची त्यांची छाती नव्हती. शकू माझ्या कडेवर. तिला अजून वर्षही पुरं झालं नव्हतं. नुकती मोठ्या तापातून उठलेली, माझ्या खांद्यावर मान टाकून पडलेली. आईनं माझ्या पदराच्या टोकाला वेखंडाचा तुकडा बांधला आणि म्हणाली, "रोज उगाळून मधातनं जिभेला लाव. आन् बोलत ऱ्हा तिच्यासंगं. बोलत्या माणसाच्या मांडीवर लेकरू बोलकं होतं." मागून वडील म्हणाले, "तिला काय सांगतीस बोल म्हणून? ती झोपेत गप बसली तरी मिळवली." सगळे हसले. रडता रडता हसले म्हणा.

तर बायांनो, तुम्ही ज्या गावात राहिलात, आणि तुम्हीही, ज्या माझ्यासारख्या बोचकी घेऊन कल्याण-ठाण्याला आलात, हे तुम्हा सगळ्यांसाठी लिहितेय. मी सातवीची फायनल पास आहे, लिहायला मला कुणाची गरज नाही. गावात अजून म्हणतात म्हणे, की इंदूची, म्हणजे माझी, पोर शहरात गेली आणि मुकी झाली. शहराचं पाणी बाधलं, दृष्ट लागली, आई दिवसभर शेजारणींत रमते आणि पोरीकडे बघत नाही. मी सगळं ऐकलेलं आहे. माझे कान शाबूत आहेत, हाच तर सगळा फरक आहे.

यांना कल्याणच्या इंजिन शेडमध्ये फिटरच्या हाताखाली नोकरी लागली होती आणि आम्हाला कोळसेवाडीत एका चाळीत खोली मिळाली. नाव वाचूनच समजा काय ते. दोरीवर धुणं वाळत घातलं की वाळेपर्यंत त्यावर काळे ठिपके. लेकराचं नाक पुसलं तर फडकं काळं. आणि आवाज! शंटिंगचे डबे एकमेकांवर आदळायचे तेव्हा फडताळातली भांडी थरथरायची. इंजिनाची शिटी तर अशी, की पहिल्या आठवड्यात माझ्या हातातून दोनदा दूध सांडलं. गावात आमच्याकडे मोठा आवाज म्हणजे देवळातली घंटा नाहीतर माझी चुलत सासू.

चाळीत सगळी मुलं नवी असताना शिटीला दचकून उठायची. आया रडकुंडीला यायच्या. मग हळूहळू पोरांना सवय व्हायची, महिना-दीड महिन्यात ती शिटीखाली घोरायला लागायची, आणि अशा पोराला चाळीतले लोक कौतुकानं म्हणायचे, हे आता रेल्वेचं झालं. माझी शकू पहिल्या दिवसापासून उठली नाही. शेजारच्या बयोताई, रत्नागिरीकडच्या, त्यांनी तर बोटं मोडून दृष्ट काढली. "अगो, ही जन्मतःच रेल्वेवाल्याची पोर," म्हणाल्या. यांनी शेडमध्ये जाऊन सांगितलं. साहेबाचा शिपाईसुद्धा बघायला आला की कुठली ती पोर शिटीला उठत नाही. मी तिच्या गालाला तीट लावली आणि मिरवलं. हो, मिरवलं. त्या सबंध चाळीत दुसरं कुणी काय वेगळं समजलं असतं? इंजिनाच्या गावात शिटीला न उठणारं मूल म्हणजे गुणी मूल.

आता ताप येण्याआधी शकू काय बोलायची ते तुमच्यातल्या पुष्कळांनी ऐकलंय. पाळण्यात पडल्या पडल्या आधी नुसतं 'आगू, आगू' चालायचं. मग ओठ मिटायला शिकली आणि बाबाबा, मामामा सुरू झालं. वडील म्हणायचे, मलाच बाबा म्हणते. आई म्हणायची, माझ्या भावाला मामा म्हणते. तिला कुणाचंच काही पडलेलं नव्हतं, ओठ उघडायचे-मिटायचे आणि आवाज येतोय म्हणून स्वतःवरच खूश व्हायची. कल्याणला आल्यावर ते कधी बंद पडलं हे मला सांगता येणार नाही. नळाचं पाणी जसं एकदम जात नाही, आधी बारीक होतं, मग थेंब थेंब, मग नुसती फुसफूस, तसं ते गेलं. तिच्या बरोबरीची बयोताईंची नात 'पापा दे' म्हणायला लागली तेव्हा मी शकूला उचलून खोलीत आणलं. शकूकडे उरलं होतं फक्त रडणं, हसणं आणि एक किंचाळी.

मग मी काय काय केलं विचारू नका. आईचं वेखंड तर रोज चालूच होतं, त्या वासानं शकू मला बघूनच तोंड फिरवायला लागली. पोपटाचा उष्टा पेरू खाल्ला की मूल पोपटासारखं बोलतं, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक. पण कोळसेवाडीत पोपट आणू कुठून? तिथं कावळेसुद्धा दुप्पट काळे. शेवटी कल्याणच्या बाजारात एक पोपटवाला ज्योतिषी बसायचा, चिठ्ठी काढून देणारा, त्याच्यापुढं मी पेरू घेऊन बसले. तो म्हणाला, बाई, भविष्य बघा. मी म्हटलं, भविष्य राहू दे, तुझ्या पोपटाला एवढा एक घास खायला लाव. पोपटानं पेरूला तोंड लावलं नाही. त्याला डाळीची सवय. मी तिथंच फुटपाथवर हमसून हमसून रडले. तो ज्योतिषी बिचारा घाबरला, त्यानं स्वतःच पेरू चावून पोपटाच्या पिंजऱ्यात ठेवला आणि परत मला दिला. तोही मी शकूला भरवला. देवीला चांदीची जीभ वाहीन म्हणून बोलले. एक जण म्हणाला, जिभेखालचा पडदा नखानं तोडून टाका, त्याला मात्र मी लाटणं दाखवलं.

आणि बोलणं? आईनं सांगितलेलं ते मी सोडलं नव्हतं. चुलीपुढं, नळावर, धुण्याच्या दगडावर, माझं तोंड चालू. शकू, ही बघ भाकरी, ही बघ चिमणी, हे बघ तुझे बाबा आले ड्युटीवरून, बघ कसे काळे माकड झालेत. घसा बसायचा. हे म्हणायचे, अगं, जरा दम खा. मी खायची नाही. मला वाटायचं, माझ्या बोलण्यातलाच एखादा शब्द कमी पडतोय आणि तो मी बोलले की हिचं कुलूप उघडेल. पोरगी माझ्याकडे टक लावून बघायची. माझ्या तोंडाकडे. मला वाटायचं ऐकतेय.

शेवटी फोरमन साहेबांनी सांगितलं, ठाण्याला एक कानाचे डॉक्टर आहेत, त्यांना दाखवा. मी भाबडेपणानं गावी कळवलं की शकूला ठाण्याला नेतोय. झालं! आपल्याकडे ठाणं म्हटलं की लोकांना एकच गोष्ट आठवते, वेड्यांचं इस्पितळ. गावात बोंब उठली की इंदूच्या पोरीच्या डोक्यात बिघाड आहे. वडील त्या म्हातारपणी धडपडत कल्याणला आले, नातीला घेऊन जायला. म्हणाले, "येडी असली तरी माझी हाय. मी सांभाळीन." त्यांना समजावता समजावता मला हसावं की रडावं कळेना. पण ते वाक्य मी जपून ठेवलंय.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी जीभ बघितलीच नाही. शकूच्या मागं जाऊन टाळी वाजवली. मग पितळी घंटा. मग दोन दातांचा एक लोखंडी काटा टेबलावर आपटून तिच्या कानाशी धरला. शकू माझ्या मंगळसूत्राशी खेळत होती. त्यांनी विचारलं, कधी मोठा ताप आला होता का, झटके आले होते का. मी सांगितलं, आले होते, गाव सोडायच्या महिनाभर आधी. ते म्हणाले, "बाई, हिच्या जिभेला काही झालेलं नाही. हिला ऐकू येत नाही." मी म्हटलं, पण ती बाबा, मामा म्हणायची की! तेव्हा त्यांनी शांतपणे समजावलं. मूल आधी तोंडानं खेळतं, पण पुढचे आवाज ते कानानं वेचतं. आपलं ऐकतं, स्वतःचं ऐकतं, जुळवून बघतं. कानच बंद झाले तर तोंडाला खेळ उरत नाही.

परतताना कल्याणच्या फलाटावर आम्ही उतरलो आणि शेजारी उभ्या इंजिनानं शिटी मारली. फलाटावरच्या सगळ्यांनी कानांवर हात ठेवले, हमालांनीसुद्धा. शकू तेवढी वाफेकडे बोट दाखवून हसत होती. तेव्हा मला कळलं की तिचं कौतुक करत आम्ही काय बघत होतो इतके दिवस. यांनी टोपी काढून तोंडापुढं धरली आणि तिथंच बाकावर बसले. माझी सगळी बडबड, दीड वर्षाची, चुलीपुढची, नळावरची, तिच्यापर्यंत त्यातलं एक अक्षरही पोचलं नव्हतं. त्या दिवसांत मनात काय काय आलं ते लिहीत नाही. रूळ घरापासून लांब नव्हते एवढंच सांगते. बयोताई महिनाभर मला एकटीला पाण्याला जाऊ देत नव्हत्या, त्या काय समजायचं ते समजल्या होत्या.

पुढं मुंबईच्या एका शाळेतल्या बाई भेटल्या, बहिऱ्या मुलांना शिकवणाऱ्या. यांच्या पासावर आम्ही जायचो. त्या बाईंनी मला माझीच भाषा पहिल्यापासून शिकवली. ओठांपुढं कागदाची पट्टी धरायची आणि 'प' म्हणायचा, पट्टी उडते. 'ब' म्हणायचा, ओठ तसेच, पण गळ्यात गुणगुण होते, ती पोरीच्या तळहाताला दाखवायची. 'म' ला हात नाकावर. मी उभा जन्म बोलत आले, पण बोलताना तोंडात काय होतं ते मला ठाऊक नव्हतं. जे आवाज तान्ही मुलं आधी काढतात तेच ओठांवर दिसतात, म्हणून तेच शकूला आधी आले. पा. बा. मा. 'क' आणि 'घ' मात्र आत घशाजवळ दडून बसतात, दिसतच नाहीत. आणि 'आई'? त्यात ओठ मिटतच नाहीत, कागद हलत नाही, पकडायला काही नाही. शकू माझ्या गळ्यावर हात ठेवायची आणि जमेल तशी घोगरी हाक काढायची. ती हाक फक्त मला कळायची.

शकू चार वर्षांची असताना दिनू झाला. बाराव्या दिवशी इस्पितळातून त्याला घरी आणला, शिटी वाजली आणि तो हातपाय ताणून कळवळून रडला. मी मात्र आनंदानं चाळभर साखर वाटली. नवीन आलेल्या एका बाईला वाटलं, हिचं डोकं फिरलं, पोर रडतंय आणि ही साखर वाटतेय.

पण खरं सांगते, त्या दिवसानंतर मला एक क्षण चैन पडलं नाही. आगू झालं, बाबाबा झालं, आणि मला भीती वाटायला लागली, कारण इथवर तर शकूही आली होती. तो ताता म्हणाला, दादा म्हणाला, मी मनात म्हणायची, चल, अजून पुढं चल. बाकीच्या आया बोबड्या बोलांना हसतात. मी त्याच्या प्रत्येक नव्या आवाजाला हात जोडायची. काकाला ताता, खाऊला ताऊ, गाडीला दादी. बयोताई म्हणायच्या, बोबडा आहे गो. मी म्हणायची, जन्मभर बोबडा राहू दे.

आणि दीड वर्षाचा झाला तेव्हा त्याला गोवर आला. ताप इतका की अंगाला हात लावता येत नव्हता. दाराला कडुलिंब बांधला, डॉक्टर बोलावले, हे शेडमधून रजा घेऊन उशाशी बसले. गोवर उतरला. पोरगं उठून बसलं, पेज प्यालं. मी भांडी घासत होते, सहज आत डोकावले, तर दिनू शकूच्या पुढ्यात बसलेला. त्याचं तोंड हलत होतं. ओठ उघडत होते, मिटत होते. आवाज नव्हता.

मी दारातच बसले. मग वाट बघितली की शिटी होऊ दे. दुपारी तो झोपला असताना शिटी झाली, चांगली लांबलचक. तो हललासुद्धा नाही. पण चाळीतली कुठलीच पोरं आता हलत नव्हती! त्याला सवय झाली होती म्हणून हलला नाही, की कान गेले म्हणून हलला नाही, हे मला कोण सांगणार? जिथं बहिरं आणि ऐकणारं मूल सारखंच झोपतं अशा जागी देवानं मला आणून टाकलं होतं. आपण हाक मारून बघावी, एवढं साधं, तर माझ्या तोंडून आवाज फुटेना. मी! माझ्या तोंडून! हाक मारली आणि त्यानं बघितलं नाही तर? पुन्हा तो काटा, पुन्हा ते बाकडं, पुन्हा ते रूळ. माझ्यात दुसऱ्यांदा ते सोसायची ताकद नव्हती. दिवसभर मी खुणांनी काम चालवलं, आणि दिनू शकूपुढं बसून ओठ हलवत राहिला.

संध्याकाळी बयोताई आल्या. त्यांना माझ्या मनातलं काही माहीत नव्हतं. दिनू दाराकडे पाठ करून बसलेला. त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "दिन्या, खाऊ हवा का रे?"

तो गर्रकन वळला आणि खणखणीत ओरडला, "ताऊ!"

मग काय केलं त्यानं? शकूच्या गालाला हात लावून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं, आणि तोच शब्द तिला सांगितला. नुसत्या ओठांनी. आवाज न करता. दीड वर्षाच्या त्या पोराला कुणी न शिकवता कळलं होतं की आईला आणि बयोताईला आवाज लागतो, ताईला लागत नाही. एकाच वेळी तो दोन बोल्या शिकत होता आणि मी मेली दिवसभर त्याच्या काळजीनं झुरत होते. बयोताईंच्या हातातला लाडू घेऊन त्यानं अर्धा शकूला दिला. मी पदर तोंडात कोंबून रडले, आणि यावेळी कशाला रडतेय ते मला पक्कं ठाऊक होतं.

आता दिनू चौथ्या वर्षात आहे. 'क' आला, 'ख' आला, 'र' अजून ल होतो. तो येईल. शकूचा 'घ' नाही येणार. काळजी संपलेली नाही, तिला काही नाव नाही आणि औषध नाही. पण आमची चाळ बघायला या एकदा. कुणीही शकूला मागून हाक मारत नाही. पुढं येतात, खांद्याला हात लावतात, ती बघते, मग बोलतात. भाजीवालासुद्धा टोपली उतरवून समोर उकिडवा बसतो.

गेल्या उन्हाळ्यात गावी आले होते ते तुम्हाला आठवतंच. विहिरीवर तुम्ही शकूला मागून हाका मारल्यात, ती वळली नाही, आणि तुम्ही एकमेकींकडे बघून अरेरे केलंत. मी तुम्हाला दोष देत नाही. दिनू पळत गेला आणि त्यानं तिला वळवलं, ते मात्र कुणी बघितलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी शकू माझ्यापाशी आली, माझा गळा चाचपला आणि म्हणाली, "अर." आईनं विचारलं, "काय म्हणती गं?" मी सांगितलं, घर म्हणतेय, 'घ' तिला सापडत नाही. आईनं हातातलं काम खाली ठेवलं. मग उठून शकूच्या समोर येऊन बसली. कुणी सांगितलं नव्हतं तिला समोर बसायला. ओठ मोठे मोठे हलवत तिनं विचारलं, "घर? कुठं गं तुझं घर?"

मला वाटलं, शकू रस्त्याकडे बोट दाखवील. कल्याणच्या बाजूला. नाहीतर आजीला वाईट वाटू नये म्हणून त्याच ओट्यावर हात आपटील. तिनं परत माझ्या गळ्यावर तळहात ठेवला. तो शब्द तिला तिथंच पहिल्यांदा सापडला होता, दुसरीकडे तिनं तो कधी ऐकलेलाच नाही.

माझा गळा काय तिच्या जन्माला पुरणार आहे? माझ्यानंतर तिच्यासमोर येऊन कोण बसेल, एकटा दिनू किती पुरेल, हा विचार आला की मला अजून घास गिळवत नाही. पण तेव्हा तिचा हात गळ्यावर होता आणि ती वाट बघत होती. आई, वेशीत तू बोलत राहा म्हणाली होतीस. मी बोलायला लागले.